दोन चाकी ट्रॉली घ्यावी की चार चाकी? आधी पांदण बघा, मग वर्कशॉप गाठा

बाभुळगाव : सोयाबीन विकून चार पैसे हाती आले की तालुक्यात ट्रॉलीची चौकशी सुरू होते. ट्रॅक्टर घरी आला, नांगर आला, रोटाव्हेटर आला, पण ट्रॉली मात्र अजून शेजाऱ्याचीच, असं अनेक घरी आहे. ऐन कापसाच्या हंगामात शेजाऱ्याची ट्रॉली मोकळी नसते. मग माल घरात पडून राहतो, किंवा भाड्याची गाडी सांगावी लागते. म्हणून यंदा स्वतःचीच घेऊन टाकू, असं ठरतं. आणि वर्कशॉपच्या दारात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, दोन चाकी पाहिजे की चार चाकी?

इथे बरेच जण चुकतात. कोणी शेजाऱ्याने घेतली म्हणून चार चाकी घेतो आणि पावसात ती वावरात फसते. कोणी स्वस्त पडते म्हणून दोन चाकी घेतो आणि तिच्यात चार चाकीचं ओझं भरतो. पहिल्या चुकीत डिझेल आणि दिवस जातो. दुसऱ्या चुकीत जीव जाऊ शकतो. ट्रॉली पंधरा-वीस वर्षं टिकणारी वस्तू आहे. घेण्याआधी थोडा हिशेब केलेला बरा.

बंडीवरून समजून घ्या

ज्याने बंडी हाकली आहे त्याला ट्रॉलीचं अर्धं शास्त्र आधीच माहीत असतं. बंडीला आस एकच, चाकं दोन. माल पुढे जास्त भरला की जू बैलांच्या खांद्यावर दाबतं. मागे जास्त भरला की बंडी उलाळ होते, म्हणजे जू वर उचललं जातं. जाणता माणूस माल भरताना अधूनमधून जू हाताने उचलून बघतो. थोडं वजन पुढे पाहिजे, पण बैलाला त्रास होईल इतकं नाही.

दोन चाकी ट्रॉली म्हणजे हीच बंडी, बैलांच्या जागी ट्रॅक्टर. तिच्या मालाचं थोडं वजन दांडीवरून ट्रॅक्टरच्या हुकावर येतं. हे वजन फुकट जात नाही. ते ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकांवर दाब देतं, म्हणून चाकाला जमिनीची पकड मिळते. ओल्या वावरातून दोन चाकी ट्रॉली बाहेर निघते आणि तेवढ्याच मालाची चार चाकी अडकते, त्याचं मोठं कारण हे आहे.

हिशेब सोपा आहे. समजा आसापासून हुकापर्यंत १० फूट अंतर आहे आणि ट्रॉलीत ४० क्विंटल माल आहे. मालाचा मध्य आसाच्या १ फूट पुढे असेल तर हुकावर ४ क्विंटल वजन येतं. २ फूट पुढे असेल तर ८ क्विंटल. आणि मध्य १ फूट मागे गेला तर हूक ४ क्विंटलने वर उचलला जातो. म्हणजे ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि चिखलात नुसती गरगर फिरतात. उलट पुढे फार जास्त भरलं तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं, स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही आणि चढावर तोंड उचलायला लागतो. एक-दोन फुटांच्या फरकाने एवढं घडतं.

'चार चाकी' म्हणजे दोन वेगळ्या वस्तू

गोंधळ होतो तो इथे. आपण चार चाकी म्हणतो, पण त्यात दोन प्रकार येतात आणि दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिला प्रकार गोल फिरणाऱ्या पुढच्या आसाचा. यात एक आस समोर, एक आस मागे. समोरचा आस टर्नटेबलवर बसवलेला असतो आणि दांडीबरोबर वळतो. ही ट्रॉली स्वतःच्या चार पायांवर उभी राहते. हुकावर मालाचं वजन येतच नाही. तालुक्यात चार चाकी म्हणून ओळखली जाते ती बहुतेक हीच. उमरखेड, पुसद, महागाव या ऊसपट्ट्यात ट्रॅक्टरमागे एकापाठोपाठ दोन ट्रॉल्या दिसतात, त्यातही हा प्रकार असतो.

दुसरा प्रकार टँडेम, म्हणजे डबल एक्सल. यात दोन्ही आस ट्रॉलीच्या मध्याच्या थोडे मागे, एकमेकाला लागून असतात. समोर काही नसतं, फक्त दांडी. म्हणजे बंडीसारखंच, पण एका आसाच्या जागी दोन आस. हिचं थोडं वजन हुकावर येतं आणि बाकीचं दोन आसांत वाटलं जातं. आपल्याकडे हा प्रकार कमी दिसतो. मोठे टिपिंग ट्रेलर आणि मोठे टँकर असे बनवतात.

म्हणून वर्कशॉपमध्ये नुसतं चार चाकी म्हणून चालत नाही. पुढचा आस फिरणारा की दोन्ही आस मागे जोडून, हे आधी स्पष्ट सांगावं.

एका चाकावर किती ओझं

पुन्हा ४० क्विंटल माल धरू. दोन चाकी ट्रॉलीचं स्वतःचं वजन समजा १२ क्विंटल. एकूण ५२. त्यातले ४ हुकावर गेले, राहिले ४८. दोन चाकांत वाटले तर एका चाकावर २४ क्विंटल.

टँडेम ट्रॉली थोडी जड असते, तिचं वजन १६ क्विंटल धरा. एकूण ५६, हुकावर ४, राहिले ५२. चार चाकांत वाटले तर एका चाकावर १३ क्विंटल. फिरत्या आसाच्या ट्रॉलीचं वजन १८ क्विंटल धरलं तर एकूण ५८, हुकावर काही नाही, एका चाकावर साडेचौदा.

हा फरक काळ्या जमिनीत कळतो. बाभुळगाव तालुक्याची माती कापसाची, ओली झाली की लोण्यासारखी. ज्या चाकावर २४ क्विंटल आहे ते रुतणार, १३ वालं कमी रुतणार. शिवाय रुतणं डोळ्याला दिसतं, पण जमीन खाली दबते ते दिसत नाही. वरची माती टायरच्या दाबाने दबते, ती नांगरटीने मोकळी होते. पण नांगराच्या फाळाखालची माती एका आसावर एकूण किती वजन आहे त्यावर दबते, आणि ती लवकर सुटत नाही. दरवर्षी एकाच पट्ट्यात पाणी साचत असेल आणि तिथली पऱ्हाटी पिवळी पडत असेल, तर ट्रॉलीचा रस्ता तिथूनच जातो का ते बघावं.

मग टँडेमच घ्यावी का? तसं नाही. टँडेमला वळताना अडचण आहे. दोन्ही आस सरळ धरलेले असतात, वळत नाहीत. आखूड वळण घेतलं की चाकं गोल फिरण्याऐवजी आडवी घासतात. डांबरी रस्त्यावर टायर झिजतात, मऊ वावरात मातीचा ढीग ओढला जातो आणि आसावर पीळ पडतो. धुऱ्यावर जागेवर वळवायची असेल तर दोन चाकीसारखं सुख नाही.

आणखी एक गोष्ट टँडेमच्या बाबतीत तपासायची असते. दोन्ही आसांच्या पाट्यांच्या मधे झुलता जोड पाहिजे, म्हणजे एक चाक उंचवट्यावर चढलं तर दुसरं आपोआप खाली टेकतं आणि वजन दोन्हीकडे सारखं राहतं. स्वस्तात बनवलेल्या ट्रॉलीत दोन्ही आस चेसीला पक्के जोडून टाकतात. अशी ट्रॉली पांदणीच्या खड्ड्यात गेली की एक आस हवेत आणि सगळं ओझं दुसऱ्यावर. पैसे चार चाकांचे दिले आणि काम दोनच चाकांनी केलं, असं होतं.

रिव्हर्स, उभी करणं आणि पंक्चर

जिनिंगच्या आवारात किंवा बाजार समितीच्या ओट्याजवळ ट्रॉली मागे घ्यायची वेळ येते तेव्हा ड्रायव्हरची परीक्षा असते. दोन चाकी आणि टँडेम, दोन्हींमध्ये वळणारा सांधा एकच, तो हुकाचा. थोड्या सरावाने जमतं. फिरत्या आसाच्या ट्रॉलीत सांधे दोन, एक हुकाचा आणि एक टर्नटेबलचा. मागे घेताना दांडी एकीकडे आणि डाला दुसरीकडे जातो. नवशिक्या पोराच्या हातात ही ट्रॉली देऊन मागे माणसं उभी करू नयेत.

पण या ट्रॉलीचा एक मोठा गुण आहे. हूक काढला तरी ती उभी राहते. कापूस वेचणीच्या दिवसात सकाळी ट्रॉली वावरात सोडून द्यायची, मजूर दिवसभर गाठोडी टाकत राहतील, तोवर ट्रॅक्टर हरभऱ्याच्या पेरणीला मोकळा. दोन चाकी ट्रॉली अशी सोडायची तर दांडीखाली मजबूत स्टँड पाहिजे, चाकाला दोन्हीकडून दगड पाहिजे. आणि त्यातही मजुरांनी मागच्या बाजूलाच माल टाकला तर दांडी वर उडते. दांडीजवळ लेकरू खेळत असेल तर काय होईल, हे सांगायला नको.

पंक्चरचं म्हणाल तर दोन चाकीचं एक चाक बसलं की ट्रॉली जागेवर थांबली. माल अर्धा उतरवल्याशिवाय जॅक लागत नाही. टँडेममध्ये शेजारचं चाक तोलून धरतं. पण त्या एका चाकावर दोघांचं ओझं येतं, म्हणून तसंच पाच-दहा किलोमीटर रेटत नेणं म्हणजे दुसरं टायरही फोडून घेणं. जवळच्या सपाट जागेपर्यंत हळू नेऊन थांबावं. अनेक ट्रॉल्यांना ट्रकचे जुने, रबर चढवलेले टायर बसवलेले असतात. तिथे तर जास्तच जपावं. चार चाकं म्हणजे टायर चार, बेअरिंग चार, ग्रीसचं काम दुप्पट, हेही खर्चात धरावं.

माल कोणता, ते आधी ठरवा

ट्रॉलीचा डाला किती मोठा हे सगळे विचारतात. त्यात काय भरणार हे कमी जण विचारतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, २ फूट उंच असा डाला घ्या. म्हणजे १२० घनफूट. त्यात काठोकाठ सोयाबीन भरलं तर साधारण २४ क्विंटल बसतं. दोन चाकी ट्रॉलीला हे ओझं जड नाही. त्याच डाल्यात काठोकाठ रेती भरली तर ती सव्वा ब्रासच्या जवळ जाते. एक ब्रास रेती म्हणजे साडेचार टनांच्या आसपास, ओली असेल तर त्याहून जास्त. म्हणजे त्याच डाल्यात आता ५४ क्विंटल. डाला तोच, आस तोच, वजन दुपटीहून जास्त. सोयाबीनसाठी घेतलेली ट्रॉली रेती-गिट्टीला लावली की आस वाकतो, पाट्या तुटतात, त्याचं कारण हे आहे.

कापसाचं उलटं आहे. वजन कमी, पण उंची जास्त. फळ्या, जाळी लावून डाला दुप्पट उंच करतात, वरून तुडवून भरतात. वजन आसाला झेपतं, पण भाराचा मध्य वर चढतो. नाल्याजवळच्या तिरप्या पांदणीवर एक चाक खाली गेलं की ट्रॉली कलंडते. अशा भरतीला चाकांमधली रुंदी महत्त्वाची. आस दोन असले तरी रुंदी कमी असेल तर आडवी पडायची भीती तेवढीच राहते.

फिरत्या आसाच्या ट्रॉलीला यात एक जादा धोका आहे. सरळ चालताना ती चार कोपऱ्यांवर उभी असते. पण आखूड वळणावर पुढचा आस फिरला की आधार चौकोनी न राहता तिकोनी होतो. उंच भरलेली ट्रॉली अशा वेळी जोरात वळवली की ती पुढच्या कोपऱ्यावर झुकते. वळणावर हळू जाणे, याला दुसरा उपाय नाही.

कुटार आणि तुऱ्हाट्या हलक्या, शेणखत मधलं, पाण्याचा टँकर सगळ्यात फसवा. ५,००० लिटर पाणी म्हणजे सरळ ५ टन, आणि अर्धा भरलेला टँकर वळणावर पाणी हिंदकळून ट्रॉलीलाच ढकलतो. टँकर नेहमीसाठी घ्यायचा असेल तर टँडेमचा विचार करावा, आणि आत आडवे पत्रे लावलेले आहेत का ते बघावं.

ब्रेकचा विषय कोणी काढत नाही

ट्रॅक्टरचं वजन साधारण २० क्विंटल. मागे ५२ क्विंटलची भरलेली ट्रॉली. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढली जाणारी अडीच पट जड, आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. पुलाच्या उतारावर ट्रॅक्टरने ब्रेक दाबला तरी ट्रॉली थांबत नाही, ती मागून ढकलते. ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर येते. ट्रॉलीच्या अपघातात ड्रायव्हर चेंगरतो तो बहुतेक असा.

म्हणून नवी ट्रॉली घेताना, आस एक असो की दोन, ट्रॉलीला ब्रेक बसवून देता का हे विचारावं. थोडे पैसे जास्त लागले तरी चालेल. रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल कडीने जोडून घ्यावे. वावरात वळताना एकच पेडल दाबायची सवय असते. रस्त्यावर तीच सवय नडते, ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. उतारावर गिअर काढून न्यूट्रलमध्ये सोडू नये. डिझेल वाचतं थोडं, पण इंजिनाचा आवर सुटतो. चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे.

मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा पाहिजेच. कापूस बाहेर लोंबत असेल तर तो रिफ्लेक्टर झाकतो. पहाटे बाजारात नंबर लावायचा म्हणून रात्री निघणाऱ्या ट्रॉलीला मागून मोटारसायकल धडकते, तेव्हा मरणारा बहुतेक आपल्याच भागातला पोरगा असतो.

हायड्रॉलिकची ट्रॉली असेल तर ती सपाट जागेवर, ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत ठेवूनच उचलावी. आणि उचलण्याआधी वर बघावं, विजेची तार नाही ना.

कागदपत्रं

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये शेतीच्या ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे. त्यात एक आसाचा आणि दोन आसांचा, दोन्ही प्रकार धरलेले आहेत. म्हणजे नियमाने दोन्ही चालतात. पण ट्रॅक्टरची नोंदणी झाली म्हणजे ट्रॉलीची झाली असं होत नाही. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, आणि विम्याच्या कागदावर तिचा उल्लेख वेगळा पाहिजे. वर्कशॉपवाल्याकडून नोंदणीसाठी लागणारे कागद मिळतात का, हे पैसे देण्याआधीच विचारावं. नंतर यवतमाळच्या आरटीओ कार्यालयात चकरा मारण्यापेक्षा ते सोपं.

नोंदणीत ट्रॉलीचं भरलेलं वजन लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या बदलानंतर जादा वजनाचा दंड २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये आहे. त्यापेक्षा मोठं नुकसान विम्याचं. शेतीसाठी नोंदवलेली ट्रॉली भाड्याने रेती-गिट्टीला लावली, किंवा तिच्यात वऱ्हाड, मजूर, यात्रेची माणसं बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाईचा बोजा मालकावर येतो, आणि तो फेडायला वावर विकावं लागतं.

मग घ्यायची कोणती

ज्याचं वावर पांदणीच्या टोकाला आहे, रस्ता अरुंद, वळणं आखूड, बेंबळाच्या कालव्याचं पाणी सुटलं की जमीन ओली, आणि माल स्वतःच्या आठ-दहा एकरांचा आहे, त्याने दोन चाकी घ्यावी. रुंद आस, चांगले टायर आणि मजबूत स्टँड यावर पैसे लावावे, आणि एका खेपेत ३०-३५ क्विंटलवर थांबावं. उरलेल्या मालासाठी दुसरी खेप मारावी. दुसऱ्या खेपेचं डिझेल तुटलेल्या आसापेक्षा स्वस्त पडतं.

ज्याच्या घरापर्यंत डांबरी रस्ता आहे, माल नेहमी यवतमाळ किंवा धामणगावपर्यंत लांब न्यायचा आहे, ट्रॉली वावरात सोडून ट्रॅक्टर दुसऱ्या कामाला लावायचा आहे आणि ड्रायव्हर सरावाचा आहे, त्याला फिरत्या आसाची चार चाकी परवडते. ओल्या वावरात मात्र ती नेऊ नये, माल धुऱ्यापर्यंत बंडीने काढावा.

जो टँकर चालवतो, शेणखताची, मुरमाची कामं घेतो, रोज ५ टनांच्या वर ओझं नेतो आणि ज्याच्याकडे ५० एचपीच्या आसपास ट्रॅक्टर आहे, त्याने टँडेमकडे बघावं. झुलता जोड आणि ब्रेक तपासूनच. ट्रॅक्टर किती ओढू शकतो हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ट्रॉली मोठी घेतल्याने ट्रॅक्टरची ताकद वाढत नाही.

अडचण मधल्यांची आहे. पांदण कच्ची, पण माल जास्त. त्यांच्यासाठी उत्तर ट्रॉलीत कमी आणि रस्त्यात जास्त आहे. शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेत आपल्या पांदणीचं नाव आहे का, अतिक्रमण कुठे आहे, हे ग्रामपंचायतीत विचारायला पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून जावं. पांदण पक्की झाली तर आहे तीच दोन चाकी बारा महिने चालेल.

वर्कशॉपमध्ये जाण्याआधी एक काम करावं. मागच्या हंगामात एका खेपेला जास्तीत जास्त किती वजन भरलं, ते काट्याच्या पावत्या काढून बघावं. आणि एकदा पायी पांदणीने जाऊन सगळ्यात अरुंद वळण आणि सगळ्यात तिरपी जागा बघून यावी. कोणती ट्रॉली घ्यायची ते या दोन गोष्टींवर ठरतं. रंग कोणता आणि मागे नाव काय लिहायचं, ते नंतर पोरांना विचारावं.